स्टेम हाडात धरतो तरी कसा? खुब्याच्या इम्प्लांटवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गुडघा बदलण्यावर लिहिलं होतं आणि पत्रं आली ती निम्म्याहून जास्त खुब्याची. त्यातली निवडक इथं घेतलीत. एक आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, इम्प्लांटच्या डिझाइनमध्ये काम केलेला मेकॅनिकल इंजिनिअर आहे, त्यामुळं "ऑपरेशन करू का नको" हे मला विचारू नका, ते तुमच्या सर्जनला विचारा. पण आत घातलेली वस्तू कशी चालते हे मात्र बिनधास्त विचारा.

प्रश्न : आमच्या आईचा खुबा बदलला. एक्सरेत बघितलं तर ना स्क्रू, ना नट, ना पिन, नुसता एक दांडा मांडीच्या हाडात घातलेला. डॉक्टर म्हणाले प्रेस फिट आहे, काळजी करू नका. आता माझं स्वतःचं लेथचं दुकान आहे, प्रेस फिट मी रोज करतोय, पण ते लोखंडात. जिवंत हाडात प्रेस फिट कसं काय राहतंय? आणि आई दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालायला लागली, ते कसं? (शिवाजी उद्यमनगर)

तुमच्यासारख्यानं विचारलं की बरं वाटतं, कारण निम्मं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं. बाकीच्यांसाठी सांगतो, प्रेस फिट म्हणजे भोकापेक्षा किंचित जाड वस्तू त्यात दाबून बसवायची. स्टेम म्हणजे तोच एक्सरेतला दांडा, त्याच्या वरच्या टोकाला बॉल बसतो आणि तो कमरेच्या हाडात बसवलेल्या कपात फिरतो.

मांडीचं हाड भरीव नसतं. ती एक नळी आहे, बाहेरची भिंत टणक, आत पोकळी, वरच्या टोकाला रुंद आणि तिथं आत जाळीदार मऊ हाड, खाली जाईल तशी निमुळती. सर्जन खराब झालेलं डोकं मानेपासून कापून काढतो आणि वरून त्या पोकळीत ब्रोच ठोकतो. ब्रोच म्हणजे स्टेमच्याच आकाराचा, पण अंगभर कानशीसारखे दात असलेला तुकडा. आधी लहान साईज, मग त्याच्यावरची, मग त्याच्यावरची. कुठं थांबायचं हे बऱ्याच अंशी कानानं कळतं. हातोडीचा आवाज आधी बोदा येत असतो, ब्रोच टणक भिंतीला भिडला की एकदम खणखणीत होतो आणि पुढच्या ठोक्याला ब्रोच खाली सरकत नाही. तुमच्याकडं बेअरिंग हाऊसिंगमध्ये तळाला टेकलं की जो आवाज बदलतो, अगदी तोच प्रकार.

मग खरा स्टेम येतो. तो शेवटच्या ब्रोचच्याच साईजचा, फक्त अंगावरच्या कोटिंगमुळं थोडा जाड. उदाहरण द्यायचं तर कोराईल नावाचा स्टेम आहे, फ्रान्समधल्या सर्जन मंडळींनी 1986 पासून वापरात आणलेला, त्याच्यावर हायड्रॉक्सीअॅपेटाइटचा सुमारे 155 मायक्रॉनचा, म्हणजे 0.155 मिलिमीटरचा, थर असतो. हायड्रॉक्सीअॅपेटाइट म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, आपल्या हाडातलंच खनिज. म्हणजे इंटरफिअरन्स, भोकापेक्षा वस्तू किती जाड ते माप, किती आला ते तुम्ही काढाल. स्टेम पाचरीसारखा आत गेला की हाडाची नळी किंचित फाकते, तिच्या गोलाईत ताण येतो आणि तो ताणच स्टेमला आवळून धरतो. आई दुसऱ्या दिवशी चालली ती या पकडीवर.

आता तुमच्या कामात आणि ह्याच्यात फरक कुठं पडतो बघा. तुमचं कास्ट आयर्नचं हाऊसिंग दहा वर्षांनीही तेवढंच आवळलेलं असतं. हाड तसं नाही, ते सैलावतं. ताण दिला की थोड्या काळात हाड स्वतःला ढिलं करून घेतं आणि पहिली पकड कमी व्हायला लागते. म्हणजे प्रेस फिट ही फक्त सुरुवातीची सोय आहे, त्या काही आठवड्यांत हाडानं स्टेमच्या खडबडीत अंगावर वाढून त्याला धरलं पाहिजे. साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. आणि हाड वाढेल का नाही हे ठरतं एका गोष्टीवर, की चालताना स्टेम हाडाच्या तुलनेत किती हलतोय. 40 मायक्रॉनच्या आत हालचाल राहिली तर हाड वाढतं. 150 मायक्रॉनच्या वर गेली तर हाडाऐवजी तंतुमय पडदा तयार होतो, तो कधीच घट्ट होत नाही, आणि मग पेशंट म्हणतो उठताना मांडीत दुखतंय. 40 मायक्रॉन म्हणजे 0.04 मिलिमीटर, डायल लावून बसणाऱ्या माणसाला मी ते वेगळं सांगायला नको.

हाड धातूला धरतं ही गोष्ट पर-इंगवार ब्रेनेमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या ध्यानात आली ती 1952 मध्ये. सशाच्या हाडात रक्तप्रवाह बघायला टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती, प्रयोग झाल्यावर काढायला गेले तर निघेना. दातांचे इम्प्लांट आधी त्यातून निघाले. खुब्याच्या स्टेमवर मग सच्छिद्र थर आला, छिद्रं साधारण 100 ते 400 मायक्रॉनची, कारण हाडाला आत शिरून रक्तवाहिन्यांसकट वाढायला तेवढी जागा लागते.

आणखी एक, तुम्ही एक्सरे दोन्ही बाजूंनी बघितला असेल तर दांडा गोल नाही हे दिसलं असेल. गोल असता तर फिरला असता. खुर्चीतून उठताना, पायऱ्या चढताना बॉलवर मागच्या दिशेनं जोर येतो आणि पूर्ण स्टेम हाडात पिळायला बघतो. व्हिएन्नाच्या कार्ल त्स्वायम्युलरनं 1979 च्या सुमाराला सरळ चौकोनी छेदाचा स्टेमच केला, चारी कोपरे आतल्या टणक भिंतीत रुततात, मग फिरणार कुठं. शाफ्टमध्ये चावी का घालता तुम्ही? तेच.

प्रश्न : आईला बरं वाटल्यावर जोतिबाला न्यायचंय, पायऱ्या चालतील का? (तेच वाचक, दुसऱ्या दिवशीचं पत्र)

सर्जननी हो म्हटल्यावर चालतील, घाई करू नका. आकडे सांगतो, मग अंदाज येईल. बर्लिनच्या गेऑर्ग बेर्गमान यांनी काही पेशंटच्या इम्प्लांटमध्येच सेन्सर बसवून लोड मोजला. साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण 2.4 पट लोड येतो, पायऱ्या चढताना 2.5 पट, उतरताना 2.6 पट. म्हणजे चालणं आणि पायऱ्या यात आकड्यानं फार फरक नाही, फरक आहे तो पिळण्याचा, जो वर सांगितला. खरी भीती अडखळण्याची. अडखळताना मोजलेला लोड वजनाच्या आठ पटीच्याही वर गेला होता. 60 किलोच्या बाईच्या खुब्यावर त्या क्षणाला जवळजवळ पाचशे किलो. म्हणून जोतिबाच्या आधी घरातली पायपुसणी उचला आणि बाथरूममध्ये धरायला दांडी लावा.

प्रश्न : आमच्या शेजारच्या काकांना सिमेंटचा खुबा बसवलाय म्हणे. सिमेंट म्हणजे कसलं? हाडाला चिकटवतात का? आणि ते उखडत नाही का? (राजारामपुरी)

बांधकामाचं सिमेंट नव्हे हो. ते पॉलीमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे अॅक्रिलिक, दातांच्या कवळ्या ज्याच्या करतात त्यातलंच. पावडर आणि लिक्विड ऑपरेशन थिएटरात कालवतात, उग्र वास सुटतो, आधी पातळ असतं मग कणकेसारखं घट्ट होतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत गरम होत होत दगड. त्या मधल्या वेळेत सगळं उरकायचं. हाडाच्या पोकळीत खाली आधी एक बूच बसवतात म्हणजे सिमेंट खाली पळत नाही, मग पोकळी धुऊन कोरडी करून गननं तळापासून वर भरत येतात, दाब देतात आणि त्यात स्टेम खुपसतात. एक्सरेत दिसावं म्हणून त्यात बेरियम सल्फेटसारखं काहीतरी मिसळलेलं असतं, बऱ्याचदा अँटिबायोटिकही.

आणि नाही, ते चिकटवत नाही. सिमेंट हा गोंद नाहीच. ते हाडाच्या जाळीत शिरून अडकून बसतं, मशीनच्या फाउंडेशन बोल्टभोवती ग्राउट ओततात त्या अर्थानं. 1890 च्या आसपास बर्लिनच्या ग्लुकनं हस्तिदंताचे सांधे बसवताना राळ, प्युमिसची पावडर आणि प्लास्टर कालवून भरायचा प्रयोग केलेला, म्हणजे "आत काहीतरी ओता" ही कल्पना जुनीच. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी 1946 मध्ये अॅक्रिलिकचा बॉल केला, त्याला आखूड दांडी, ती सैल व्हायची, तुटायची. त्यातला एक पेशंट वाकला की खुबा असा कुरकुरायचा की बायको उठून दुसऱ्या खोलीत जायची, हा किस्सा इंग्लंडच्या जॉन चार्नलीनं सांगितलेला. चार्नलीनं मग घर्षण कमी करायच्या मागे लागून लहान बॉल, प्लॅस्टिकचा कप आणि सिमेंटमध्ये भरलेला स्टेम असं तिन्ही जुळवलं. सिमेंटचा सल्ला मिळाला तो मँचेस्टरच्या दातांच्या मटेरियलवर काम करणाऱ्या डेनिस स्मिथकडून. कपसाठी आधी टेफ्लॉन वापरलं ते पार झिजून गेलं, 1962 पासून पॉलिएथिलीन आलं आणि आजचा खुबा तिथनं सुरू झाला.

पण मला सांगायची गोष्ट ही नाही, एक्सेटरची आहे. हे प्रकरण मला स्वतःला फार आवडतं आणि उद्यमनगर-शिरोलीत फिनिशवरून भांडणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं. एक्सेटर हे इंग्लंडमधलं गाव, तिथं सर्जन रॉबिन लिंग आणि इंजिनिअर क्लाइव्ह ली यांनी 1970 मध्ये एक स्टेम केला. निमुळता, कॉलर नाही, आणि आरशासारखा पॉलिश. 1976 मध्ये त्याचं फिनिश बदलून मॅट केलं. कुणालाही वाटेल की बरोबरच आहे, खडबडीत असला तर सिमेंट धरून बसेल, पॉलिशला काय धरणार. झालं उलटं. मॅट स्टेम जास्त सैल व्हायला लागले, आणि पॉलिशवाले जुने पेशंट मात्र मजेत फिरत होते. 1986 मध्ये परत पॉलिश आणलं आणि तो स्टेम आजतागायत चालू आहे.

का झालं असं? कारण स्टेम आणि सिमेंटचा जोड कधी ना कधी सुटतोच, रोज हजारो पावलं पडतात, लोड येतो आणि जातो. जोड सुटल्यावर काय होणार हा खरा प्रश्न. मॅट स्टेम सुटला की तो कानस होऊन सिमेंट घासायला लागतो, भुकटी पडते, ती भुकटी हाडापर्यंत गेली की शरीर तिथलं हाड खायला लागतं. पॉलिश निमुळता स्टेम सुटला तर तो सिमेंटच्या आत थोडासा खाली सरकतो, पहिल्या एक-दोन वर्षांत साधारण एक ते दीड मिलिमीटर, आणि सरकला की परत घट्ट. कुदळीचा दांडा बघा, निमुळता असतो, जेवढं खणाल तेवढी कुदळ त्याच्यावर घट्ट बसत जाते. अॅक्रिलिक अंगच्या गरमीत आणि लोडखाली हळूहळू दबतं, त्यामुळं तो सरकणारा स्टेम सिमेंटला बाहेरच्या बाजूला हाडाकडं दाबत राहतो, आणि सिमेंट दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. त्या स्टेमच्या खालच्या टोकाला एक पोकळ टोपी असते, ती कशाला ठाऊक आहे? स्टेमला खाली सरकायला जागा हवी म्हणून. सरकणार हे धरूनच केलेलं डिझाइन. मला हे फार मोठं वाटतं, हलू नये म्हणून झगडत बसण्यापेक्षा कुठं आणि किती हलायचं हे ठरवून टाकलं.

म्हणजे बिनसिमेंटचा स्टेम खडबडीत पाहिजे आणि हा सिमेंटवाला गुळगुळीत. दोन्ही बरोबर. खडबडीत स्टेम सिमेंटमध्ये पक्का जोडून ठेवणारीही डिझाइन आहेत आणि त्यातली काही चांगली चाललीत, पण तिथं जोड सुटला की माफी नाही.

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. हिप स्टेमवर प्रोजेक्ट करायचाय. माझा विचार असा की स्टेम जेवढा जाड आणि मजबूत तेवढा चांगला, आणि एफईएमध्ये (कॉम्प्युटरवर वस्तूचे बारीक तुकडे पाडून ताण काढायची पद्धत) व्हॉन मिझेस स्ट्रेस (सगळ्या दिशांचे ताण मिळून काढलेला एक आकडा) कमी करून दाखवायचा. आणि लॅटिस, म्हणजे धातूची जाळी, घालून थ्रीडी प्रिंट करता येईल का? (कोल्हापूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

अरे थांब, पहिल्याच वाक्यात घसरलास. स्टेमचं काम मोडू नये एवढंच नाही. खुब्यावर आलेला भार हाडाला परत द्यायचा, आणि योग्य जागी द्यायचा, हे त्याचं काम. जाड स्टेम भार स्वतःच घेतो आणि खाली टोकाशी नेऊन सोडतो, वरचं हाड बसून राहतं. आणि हाडाचा नियम असा की ज्याला काम नाही ते विरघळतं. जर्मनीच्या युलियस वोल्फनं 1892 मध्ये मांडलेला नियम आहे हा. मग दहा वर्षांनी एक्सरेत स्टेम जागेवर, पण वरचं हाड कागदासारखं पातळ. ह्यालाच स्ट्रेस शील्डिंग म्हणतात.

आकडे धर. बाहेरच्या टणक हाडाचा इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे मटेरियलच्या ताठपणाचं माप, साधारण 17 ते 20 गिगापास्कल. टायटॅनियम अलॉयचा 110, स्टीलचा 200 च्या आसपास, कोबाल्ट-क्रोमचा 210 ते 230. आणि वाकण्याचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, 12 मिलिमीटरचा गोल दांडा 16 चा केलास तर तीन पटींहून जास्त. म्हणजे मटेरियलपेक्षा जाडीच जास्त घात करते. जाड कोबाल्ट-क्रोमचे, खालपर्यंत सच्छिद्र थर असलेले स्टेम एका काळी भरपूर बसवले, घट्ट बसायचे, पण वरचं हाड जायचं.

आता तू म्हणशील मग मऊच करू, हाडाएवढा. केला होता. स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट माथिस यांनी 1970 च्या दशकात प्लॅस्टिकचा "आयसोइलॅस्टिक" स्टेम आणला. ऐकायला एकदम बरोबर, हाडासारखा लवचीक. सैल झाले. कारण मऊ स्टेम वरच्या तोंडाशीच सगळा भार टाकतो, तिथं स्टेम आणि हाड यांच्यामधली घसरण वाढते, आणि घसरण 150 मायक्रॉनच्या वर गेली की काय होतं ते वर उद्यमनगरवाल्यांना सांगितलंय, तेवढं वाच. कडक केला तर हाड जातं, मऊ केला तर पकड जाते. नेदरलँडच्या रिक हुइस्केस यांनी कॉम्प्युटरवर हीच ओढाताण दाखवून दिली होती. तुझा प्रोजेक्ट ह्या दोघांच्या मधे कुठंतरी उभा राहिला पाहिजे, नाहीतर नुसती रंगीत चित्रं.

म्हणून सांगतो, स्टेमचा व्हॉन मिझेस हा तुझा मुख्य रिझल्ट ठेवू नकोस. दोन गोष्टी मोज: हाड-स्टेमच्या जोडावर सरकणं किती, आणि वरच्या हाडातली स्ट्रेन एनर्जी ऑपरेशनच्या आधीच्या तुलनेत किती उरली. आणि हाड-स्टेमचा कॉन्टॅक्ट "बॉन्डेड", म्हणजे चिकटवल्यासारखा पक्का, धरू नकोस. प्रत्येक कॉलेजच्या रिपोर्टमध्ये बॉन्डेड असतं, सॉफ्टवेअर पटकन सुटतं म्हणून. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी काहीच बॉन्डेड नसतं, घर्षण असतं. चालण्याचा लोड घे तसा पायऱ्या चढण्याचाही घे, पिळण्यासकट, आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू विसरू नकोस, नुसता बॉलवर बाण काढला की हाड भलतंच वाकतं. सीटी स्कॅन मिळाला तर हाडाचा मॉड्युलस जागोजागी वेगळा टाक, घनतेवरून.

मजबुतीचं म्हणशील तर त्यासाठी ठरलेली टेस्ट आहे, आयएसओ 7206. त्यात स्टेम खालून पकडून, थोडा तिरका धरून, 2300 न्यूटनला 50 लाख सायकल द्यायच्या, आणि मानेची टेस्ट वेगळी, 5340 न्यूटनला 1 कोटी सायकल. माणूस एका पायानं वर्षाला साधारण 10 लाख पावलं टाकतो, त्यावरून हिशोब लाव.

लॅटिस. कपच्या पाठीवर छापलेली जाळी बरीच वर्षं वापरात आहे आणि चांगली चालते, कारण कपवर बहुतेक दाब येतो. स्टेम वाकतो. वाकणाऱ्या वस्तूच्या अंगावर जाळीचा प्रत्येक कोपरा आणि अर्धवट वितळलेला प्रत्येक कण म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. वरच्या एक-तृतीयांश भागात, आत भरीव गाभा ठेवून, जाळी घालून बघ. तेवढाच विषय घेतलास तरी वर्ष जाईल.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचं वय 78, पडल्यामुळं खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर सिमेंटवाला स्टेम सुचवतायत. पुण्याचे दीर म्हणतायत सिमेंट जुनं झालं, बिनसिमेंटचा महाग असतो म्हणजे तोच चांगला. काय करावं ताण आलाय. (कसबा बावडा)

ताई, तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्या, दिरांचं नंतर. महाग म्हणजे चांगला हे इथं लागू पडत नाही.

वयानुसार, विशेषतः बायकांमध्ये, मांडीच्या हाडाची भिंत पातळ होते आणि आतली पोकळी रुंद होत जाते. सर्जन एक्सरेवर याचे तीन प्रकार पाडतात, डॉर ए, बी, सी. ए मध्ये पोकळी वर रुंद खाली छान निमुळती, पाचर बसायला उत्तम. सी मध्ये वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखीच रुंद नळी, भिंत पातळ. तिथं पाचर बसवायची तर मोठी घालावी लागते, जोरात ठोकावी लागते, आणि पातळ भिंत चिरते. ऑपरेशनच्या वेळी नाही चिरली तर नंतर, घरात पाय घसरल्यावर. वयस्कर पेशंटमध्ये बिनसिमेंटच्या स्टेमभोवती हाड मोडायचं प्रमाण जास्त, हे वेगवेगळ्या देशांच्या रजिस्ट्रीत, म्हणजे बसवलेल्या खुब्यांच्या नोंदींत, परत परत दिसलंय. सिमेंट ठोकावं लागत नाही, ते जो आकार असेल तो भरून काढतं, आणि पहिल्या दिवसापासून धरतं, हाड वाढायची वाट बघत बसावी लागत नाही.

त्याचीही एक खोट आहे. सिमेंट दाबून भरताना काही पेशंटचं बीपी आणि ऑक्सिजन अचानक उतरतं, म्हणून हृदयाचा, फुफ्फुसाचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सगळं सांगा, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जा. डॉक्टरांना एवढंच विचारा, "हाड कुठल्या प्रकारचं आहे, म्हणून सिमेंट म्हणताय का?" ते एक्सरेवर बोट ठेवून दाखवतील. आणि मोडलेल्या खुब्यात दिवस घालवू नका, दिरांना फोनवर समजावत बसण्यात तर नाहीच.

प्रश्न : वय 34, तालमीत होतो. एव्हीएन झाला (रक्तपुरवठा तुटून हाड मरतं तो आजार), दोन्ही खुबे गेले म्हणतात. बदलल्यावर किती वर्षं टिकंल? कुस्ती परत करता येईल का? मांडी घालून जेवायला तरी बसता येईल का? (गंगावेश परिसर)

पैलवान, कुस्ती नाही. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. वस्ताद म्हणून मातीत उभं राहून पोरं घडवा, पण डाव लावणं बंद.

टिकण्याचं सांगतो. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या रजिस्ट्रीचे आकडे एकत्र करून आले होते, 15 वर्षांनी 89 टक्के खुबे शाबूत, 20 वर्षांनी 70, 25 वर्षांनी 58 टक्के. ते बहुतेक जुन्या प्लॅस्टिकचे आणि तुमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या वयाच्या लोकांचे. आता क्रॉसलिंक केलेलं पॉलिएथिलीन आणि सिरॅमिकचा बॉल येतो, झीज खूप कमी झालीय, पण तुमचं वय बघता आयुष्यात एकदा तरी परत ऑपरेशन लागेल असं धरूनच चाला. म्हणूनच तुमच्या वयाला सर्जन बहुधा बिनसिमेंटचा आणि शक्यतो हाड राखणारा स्टेम बघतात. कारण हाडानं पूर्ण धरलेला लांब स्टेम काढणं हे महाकठीण काम, कधी कधी मांडीच्या हाडाची पट्टी कापून खिडकी उघडावी लागते. आज घालताना उद्या काढायचा कसा, हा विचार डिझाइनवाल्यांनी फार उशिरा सुरू केला, असं माझं स्पष्ट मत.

मांडी घालायचं सर्जनवर सोडा, ते कुठल्या बाजूनं आत गेले, बॉल केवढा बसवला, कपचा कोन काय, यावर ते आहे. उकिडवं बसून गुडघा आत वळवणं हे मात्र सगळ्यात धोक्याचं, बॉल निसटतो तो तिथं. आणि ज्या कारणानं एव्हीएन झाला ते बंद करा, स्टेरॉईडची इंजेक्शनं असोत नाहीतर दारू. बाकी जास्त विचारत नाही.

प्रश्न : बॉल आणि दांडा वेगवेगळे येतात आणि ऑपरेशनमध्ये जोडतात असं कळलं. कशानं? वेल्डिंग तर करत नसणार! (इचलकरंजी)

टेपरनं. लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक बसतो तो मोर्स टेपर, त्याच तत्त्वावर. स्टेमच्या मानेला एक निमुळता खुंटा असतो, हल्ली बहुतेक "12/14" म्हणून ओळखतात, वरती साधारण 12 मिलिमीटर, बुडाशी 14. खुंटा पुसून कोरडा करायचा, बॉल ठेवायचा, एक खणखणीत ठोका. रक्ताचा थेंब किंवा हाडाचा कण मधे राहिला तर पकड बिघडते आणि मग तिथं झीज आणि गंज सुरू होतो. टेपर पुसल्याशिवाय ड्रिल लावू नये हे तुमच्याकडचा हेल्परही पोराला सांगत असतो.

प्रश्न : आमची शिरोलीत फाउंड्री आहे. पंपाची, इंजिनाची कास्टिंग करतो. हे स्टेम आपल्या कोल्हापुरात का होत नाहीत? (शिरोली एमआयडीसी)

हात आहेत, मशीन आहेत, पण वाट वेगळी आहे. तुमचं काम वाळूतलं, ग्रे आणि डक्टाईल आयर्नचं. टायटॅनियमचे स्टेम बहुतेक फोर्ज करून मग सीएनसीवर उतरवतात, कारण फोर्जिंगमध्ये थकवा सोसायची ताकद जास्त मिळते, आणि वितळलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं म्हणून ओतायचं तर व्हॅक्यूम लागतो. कोबाल्ट-क्रोमचं कास्टिंग होतं, पण ते मेणाच्या साच्याचं, इन्व्हेस्टमेंट कास्टिंग. त्यापुढं प्लाझ्मा स्प्रेनं थर चढवणं, क्लीनरूम, निर्जंतुकीकरण. आणि कागद! 2017 च्या मेडिकल डिव्हाइस नियमांनुसार हे वरच्या जोखमीच्या वर्गात येतं, केंद्राचं लायसन्स लागतं, आयएसओ 13485 ची, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेची, सिस्टिम लागते, गज कुठल्या हीटचा, म्हणजे भट्टीच्या कुठल्या ओतीचा, इथपासून तो कुठल्या पेशंटच्या अंगात गेला इथपर्यंत माग लागला पाहिजे. सुरुवात करायचीच असेल तर स्टेमपासून करू नका, ब्रोच, हँडल, ट्रे अशा हत्यारांपासून करा. स्टेनलेसमध्ये नेमकं मशिनिंग हे आपल्याकडं आजही चोख होतंय, आणि तिथं चूक झाली तर ट्रे बदलता येतो, माणूस नाही.

प्रश्न : ऑपरेशननंतर कुठले कागद जपून ठेवायचे? फाईल एवढी जाड झालीय. (उजळाईवाडी)

बाकी काही हरवलं तरी चालेल, स्टिकर हरवू नका. प्रत्येक भागाच्या डब्यावर स्टिकर असतात, स्टेम, बॉल, कप, लायनर (कपच्या आतलं अस्तर), चारही, आणि ते केसपेपरवर नाहीतर डिस्चार्ज कार्डावर चिकटवतात. त्यावर "रेफ" म्हणून मॉडेल नंबर आणि "लॉट" म्हणून बॅच नंबर असतो. 2010 मध्ये डेप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा जगभरातून परत मागवला, आपल्या देशातही तो बसवलेला होता, आणि आपल्या अंगात तोच आहे का हे शोधायला लोकांना जुनी हॉस्पिटलं पालथी घालावी लागली. शिवाय उद्या परत ऑपरेशन लागलं आणि फक्त बॉल बदलायचा असला तर टेपर कुठला आहे हे सर्जनला कळायला हवं, चुकीच्या टेपरवर बॉल बसत नाही. मोबाईलवर स्पष्ट फोटो काढा, घरातल्या दोघांना पाठवून ठेवा. डिस्चार्ज कार्डावर स्टिकर नसतील तर घरी जायच्या आधी काउंटरवर मागा, ऑपरेशनच्या नोंदीत ते असतात.